पूर्ण वेळ नोकरी सांभाळून परदेशात स्पॅनिश कशी शिकावी

स्पॅनिश बोलणाऱ्या देशात राहायला गेले की भाषा आपोआप येते, ही समजूत आपली पूर्ण वेळ नोकरी परदेशातून ऑनलाइन करणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरी ठरत नाही. त्याच्या दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे, बहुधा इंग्रजीत जातात. उरलेल्या वेळात स्वयंपाक, कपडे, बँक आणि झोप असते आणि भाषेच्या वाट्याला दिवसाचा सर्वांत थकलेला तुकडा येतो. माद्रिदमध्ये किंवा कोलंबियातील बोगोतामध्ये वर्ष काढूनही दुकानात बोट दाखवून वस्तू मागणारी माणसे आळशी असतात असे नाही. शहर आपल्याला शिकवील या भरवशावर ती राहिलेली असतात. नोकरी आणि भाषा ही दोन्ही कामे सांभाळायची असतील तर देश, घर, वर्ग आणि मित्र या सगळ्यांची निवड एकाच प्रश्नावरून करावी लागते: दिवसाचे कोणते तास माझे स्वतःचे आहेत आणि त्या तासांत माझा मेंदू कोणत्या अवस्थेत असतो?

तासांचा हिशेब

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामकाज करता येण्याच्या पातळीपर्यंत आणण्यासाठी वर्गातील सुमारे ६०० ते ७५० तास धरते. ते अधिकारी इंग्रजी भाषक असतात, शिकणे हेच त्यांचे पूर्ण वेळचे काम असते आणि वर्गाबाहेरचा अभ्यास वेगळा असतो. नोकरदाराला आठवड्याला खऱ्या अर्थाने दहा ते बारा तास मिळतात. बाराच धरले तरी सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत ३१२ तास होतात, म्हणजे वरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास. युरोपीय चौकटीत भाषेच्या सर्वांत खालच्या ए-१ पासून सर्वांत वरच्या सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. एवढ्या तासांत शून्यापासून सुरुवात करणाऱ्याची ए-२ पातळी पक्की होऊन बी-१ मध्ये प्रवेश झाला, तर ते उत्तम यश समजावे, असे माझे मत आहे. सहा महिन्यांत अस्खलित होण्याचा संकल्प करणारे लोक तिसऱ्या महिन्यात निराश होऊन अभ्यास सोडतात. म्हणून हा हिशेब निघण्यापूर्वीच कागदावर मांडलेला बरा.

त्यातही तीन महिन्यांसाठीच जाणार असाल, तर मूळाक्षरांचे उच्चार, वर्तमानकाळाची रूपे, संख्या आणि रोजच्या वापरातले चार-पाचशे शब्द आधी घरीच शिकून घ्यावेत. या गोष्टी कुठेही बसून शिकता येतात. परदेशातला महागडा वेळ जिवंत माणसांशी बोलण्यासाठी राखून ठेवावा.

घड्याळ पाहून देश निवडावा

समुद्रकिनारा, हवामान किंवा घरभाडे पाहून देश ठरवण्याची रीत सुट्टीसाठी ठीक आहे. दूरस्थ नोकरी बरोबर घेऊन जाणाऱ्याने मात्र आधी कार्यालयाची वेळ आणि तिथली स्थानिक वेळ शेजारी शेजारी लिहून पाहावी. न्यूयॉर्कच्या कार्यालयासाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच काम करणारी व्यक्ती माद्रिदमध्ये राहिली, तर तिचे काम दुपारी तीनला सुरू होऊन रात्री अकराला संपते. सकाळ पूर्ण मोकळी मिळते आणि भाषाशाळांचे मुख्य वर्गही बहुधा सकाळीच असतात. तीच नोकरी मेक्सिको सिटीतून केली, तर काम हिवाळ्यात आठ ते चार आणि उन्हाळ्यात सात ते तीन असे होते आणि संध्याकाळ हाती येते. लंडनच्या कार्यालयाचे नऊ ते साडेपाच माद्रिदमध्ये दहा ते साडेसहा होतात, ब्युनोस आयर्समध्ये, लंडनच्या हिवाळ्यात, सकाळी सहा ते दुपारी अडीच होतात आणि बोगोतामध्ये मात्र पहाटे चारपासून सुरू होतात. पहाटे चारला कामावर बसणारा माणूस रात्री आठला झोपतो आणि ज्या वेळी शहर बोलते त्या वेळी तो अंथरुणात असतो.

सकाळ मोकळी असणे चांगले की संध्याकाळ, याचे उत्तर तुमच्या पातळीवर अवलंबून आहे. नवशिक्याला शिक्षकाची गरज असते आणि व्याकरण ताज्या डोक्यानेच आत शिरते, म्हणून त्याला मोकळी सकाळ अधिक मोलाची. बी-१ ओलांडलेल्या माणसाला माणसांची गरज असते आणि माणसे संध्याकाळी भेटतात. विशेषतः स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या सुमारास होते आणि जेवणानंतर टेबलावर रेंगाळत गप्पा मारण्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. रात्री अकरापर्यंत संगणकापुढे अडकलेला माणूस नेमका याच वर्गाला मुकतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. युरोपात आणि अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळे बदलतात, पण वेगवेगळ्या तारखांना. कोलंबिया, ग्वातेमाला, आर्जेन्टिना इथे ती बदलत नाहीत आणि मेक्सिकोने बहुतेक भागांत ही पद्धत २०२२ मध्ये बंद केली. शिक्षकाशी ठरवलेला तास मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अचानक बैठकीवर येऊन आदळू नये, यासाठी त्या आठवड्यांची आधीच नोंद करून ठेवावी.

भाषेच्या दृष्टीनेही शहराशहरांत फरक आहे. बार्सिलोनामध्ये तिथली स्थानिक कातालान भाषा व्यवहारात आणि शाळांत सर्वत्र आहे; ते शहर सुंदर आहे, पण दिवसभर केवळ स्पॅनिश कानावर पडावी अशी इच्छा असणाऱ्याला स्पेनमधलीच सालामांका किंवा वायादोलिद ही शहरे अधिक सोयीची. बोगोतातील बोलणे संथ आणि स्पष्ट मानले जाते. चिलीमध्ये, कॅरिबियन किनाऱ्यावर आणि दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात अक्षरांच्या शेवटचा ‘स’ विरून जातो, त्यामुळे सुरुवातीला कान गोंधळतात. ग्वातेमालातील आंतिग्वा हे गाव एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक या पद्धतीच्या शाळांसाठी प्रसिद्ध आहे आणि नोकरदाराला ही पद्धत फार मानवते, कारण बैठक आली तर गटवर्ग थांबत नाही, एकट्याचा तास मात्र पुढे सरकवता येतो.

परवाना, कर आणि मालकाची संमती

हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नये. पर्यटक म्हणून प्रवेश करून दूरस्थ काम करणे अनेक देशांच्या नियमांत बसत नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक प्रवेश-क्षेत्रात, अल्प मुदतीचा मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो. विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर कामाच्या तासांना मर्यादा असते, म्हणून पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याने ‘भाषाशाळेत नाव घातले की झाले’ असे समजू नये.

स्पेनने २०२२ च्या २८ व्या कायद्याने परदेशी कंपन्यांसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आणला. त्यासाठी उत्पन्न किमान वेतनाच्या दुप्पट असावे लागते, त्या कंपनीशी निदान तीन महिन्यांचे नाते असावे लागते आणि पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. वकिलातीतून घेतलेला हा व्हिसा एक वर्षापर्यंतचा असतो. कोस्टा रिकाने २०२१ च्या कायद्याने अशीच सोय केली असून तिथे एकट्या व्यक्तीसाठी महिना ३००० डॉलर उत्पन्नाची अट आहे. आकडे आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या महिन्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या पुन्हा वाचाव्यात. स्पेनमध्ये एका वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास तुम्ही तिथले करदाते ठरता. याचा परिणाम तुमच्या मालकावरही होऊ शकतो, म्हणून कोणत्या देशातून किती दिवस काम करणार हे लेखी कळवून लेखी संमती घ्यावी.

घर हीच पहिली शाळा

वर्गाच्या शुल्कावर लोक आठवडाभर विचार करतात आणि घर मात्र छायाचित्र पाहून दहा मिनिटांत ठरवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. एकट्याने सुसज्ज घर घेतले, तर कामानंतर दार लावल्यावर स्पॅनिशचा एक शब्दही कानावर पडत नाही. स्थानिक कुटुंबात किंवा स्पॅनिश भाषक सोबत्यांबरोबर राहिले, तर भांडी कोणी घासायची, पाणी का येत नाही, उद्या पाहुणे येणार आहेत का, असे रोजचे विषय रोज बोलावे लागतात. आणि नोकरदाराला वेगळा वेळ न काढता मिळणारा हा एकमेव सराव आहे. सोबत्यांची समान भाषा इंग्रजी असेल, तर मात्र असे घर कितीही चांगले असले तरी घेऊ नये.

घर घेण्यापूर्वी इंटरनेटचा वेग तुमच्याच खोलीत, तुमच्या कामाच्या वेळेला मोजून पाठवायला सांगावे. बंद करता येणारे दार, स्वतंत्र टेबल आणि तुमच्या बैठकीच्या वेळी घरात काय चालू असते, हेही विचारावे. कुटुंबात राहणार असाल तर पहाटेच्या किंवा रात्रीच्या बैठकांची कल्पना आधीच द्यावी. पहिल्या दोन आठवड्यांसाठीच खोली घेऊन पाहणे आणि मग मुदत वाढवणे अधिक शहाणपणाचे.

दिवसाची आखणी

पहिल्या महिन्यात मी संध्याकाळचा गटवर्ग घेतला होता. दिवसभराच्या कामानंतर शिक्षिका भूतकाळ समजावत असे आणि माझे मन दुपारच्या बैठकीत अडकलेले असे. दुसऱ्या महिन्यापासून कामापूर्वी एक तास, एकट्याचा, आठवड्यातून चार दिवस असा बदल केल्यावर तेवढ्याच तासांत दुप्पट लक्षात राहू लागले. तेव्हापासून मी एकच नियम मानतो: ज्यासाठी विचार करावा लागतो ते कामापूर्वी, ज्यासाठी केवळ हजर राहावे लागते ते कामानंतर.

याचा अर्थ असा की व्याकरण, लेखन आणि शिक्षकाबरोबरचा संवाद सकाळी. चालताना, भांडी घासताना ऐकणे, सोबत्यांबरोबर बातम्या पाहणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे हे संध्याकाळी. दुपारच्या सुट्टीतली वीस मिनिटे शब्दांच्या उजळणीला द्यावीत. वाढत्या अंतराने उजळणी करून घेणारी अँकीसारखी ॲप्स त्यासाठी चांगली आहेत, पण सुटे शब्द न घालता आदल्या दिवशी प्रत्यक्ष ऐकलेले किंवा अडलेले वाक्य घालावे. शब्दाचा अर्थ रेआल अकादेमिया एस्पान्योला या १७१३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या शब्दकोशात पाहावा. तो संकेतस्थळावर विनामूल्य आहे आणि बी-१ नंतर स्पॅनिशमधून स्पॅनिश अर्थ वाचण्याची सवय फार उपयोगी पडते.

शुक्रवारी वर्ग ठेवू नये. नोकरीत एखादा आठवडा असा येतोच की दोन तास बुडतात. ते भरून काढायला शुक्रवार मोकळा असला की अपराधी वाटत नाही आणि घडी मोडत नाही. ज्या आठवड्यात काहीच जमत नाही त्या आठवड्यातही ऐकणे थांबवू नये, कारण कान सर्वांत आधी विसरतो.

मराठीचा आधार

स्पॅनिशची बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषकाला काय कठीण जाईल हे धरून लिहिलेली असतात. मराठी माणसाने ती वाचताना इंग्रजीतून विचार केला, तर इंग्रजी भाषकाच्या अडचणी तो विनाकारण स्वतःच्या अंगावर घेतो. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य समजावायला पुस्तके दोन पाने खर्च करतात; मराठीत ते सरळ ‘मला कॉफी आवडते’ असे आहे. आवडणाऱ्या वस्तू अनेक असल्या की ‘आवडतात’ होते, तसेच ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते. ‘मी घर पाहतो’ पण ‘मी मारियाला पाहतो’, हा माणूस आणि वस्तू यांतला फरक स्पॅनिशमध्येही आहे: माणसाच्या नावाआधी ‘आ’ येतो, घराआधी येत नाही. ‘माझ्या हातून पेला पडला’ असे म्हणून आपण जो दोष हलका करतो, तेच ‘से मे कायो एल बासो’ हे वाक्य करते.

भूतकाळाच्या दोन रूपांनी तर विद्यार्थी रडकुंडीला येतात. इथे आपला रीती भूतकाळ आठवावा. ‘तो रोज येत असे’ यासाठी ‘बेनिया’ आणि ‘तो काल आला’ यासाठी ‘बिनो’. प्रत्येक ठिकाणी ही जोडी तंतोतंत जुळेल असे नाही, पण अडलेल्या दहा वाक्यांपैकी बरीच वाक्ये ‘असे’ लावून पाहिल्यावर सुटतात. तसेच इच्छा, शंका, विनंती यांनंतर येणारे क्रियापदाचे वेगळे रूप इंग्रजीतून समजत नाही, परंतु ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातले ‘यावे’ हे आपल्या ओळखीचे आहे. ‘किएरो के बेंगा’ या वाक्यातले ‘बेंगा’ म्हणजे हेच ‘यावे’. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांत आहे. बोगोतात मात्र जवळच्या मित्रांतही ‘उस्तेद’ ऐकू येते आणि आर्जेन्टिनात ‘तू’ ऐवजी ‘बोस’ चालतो.

जिथे मराठी साथ देत नाही अशा जागाही ओळखून ठेवाव्यात. ‘मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला’ असे आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये ते नेहमी कर्त्याप्रमाणेच चालते आणि दोन्ही वाक्यांत ‘कोमी’च राहते. आपल्या एका ‘आहे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. माणूस स्वभावाने कंटाळवाणा असेल तर पहिले, आत्ता कंटाळलेला असेल तर दुसरे. ही चूक ऐकणाऱ्याला लगेच जाणवते. लिंगे तीनऐवजी दोनच असली तरी मराठीतल्या लिंगावर विसंबू नये, प्रत्येक नाम ‘एल’ किंवा ‘ला’सह पाठ करावे.

उच्चारात आपली बाजू भक्कम आहे. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्यच आहेत, ‘प’ आणि ‘क’ महाप्राण नाहीत आणि ‘र’ साठी जीभ आपोआप वळते. फक्त ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि कंपित ‘र्र’चा ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’, हा फरक घोटावा. खरी अडचण आघाताची आहे. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे तिकडे आपले लक्षच जात नाही. ‘आब्लो’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारला तर ‘मी बोलतो’ आणि शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. रोज पाच मिनिटे ध्वनिमुद्रण ऐकत त्याच्याबरोबर मोठ्याने बोलावे आणि आठवड्यातून एकदा स्वतःचा आवाज ऐकून शिक्षकाकडून आघात तपासून घ्यावेत.

माणसे

भाषा-विनिमयाच्या मोठ्या मेळाव्यांना ‘इंतेरकाम्बियो’ म्हणतात. तिथे प्रत्येक वेळी नवे चेहरे भेटतात आणि नाव, गाव, व्यवसाय हाच संवाद पुन्हा पुन्हा होतो. त्याऐवजी दर आठवड्याला तीच माणसे भेटतील अशी एखादी गोष्ट धरावी: गायनवृंद, मातीकामाचा वर्ग, फुटबॉलचा गट, स्वयंसेवी काम. तिसऱ्या आठवड्यानंतर लोक तुमच्या चुका समजून घेऊन बोलू लागतात, मागच्या वेळचा विषय पुढे नेतात आणि तिथे खरी भाषा सुरू होते.

समोरचा माणूस इंग्रजीवर आला तर वाईट वाटून घेऊ नये. त्याला मदतच करायची असते. ‘एस्तोय आप्रेन्दिएन्दो, प्रेफिएरो आब्लार एन एस्पान्योल’, म्हणजे ‘मी शिकतो आहे, स्पॅनिशमध्ये बोलणे मला अधिक आवडेल’, हे वाक्य न अडखळता म्हणता आले पाहिजे. बाईला हेच वाक्य म्हणताना काहीच बदलावे लागत नाही, हेही सांगून ठेवतो. इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून मात्र सावध राहावे: ‘एम्बारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर, ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘प्रत्यक्षात’ नव्हे, ‘सध्या’.

परीक्षा द्यायची असेल तर

मुदत समोर असल्याशिवाय अभ्यास न होणाऱ्यांनी परीक्षेला नाव घालावे. इतरांना तिची गरज नाही. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सेर्वान्तेस ही १९९१ मध्ये स्थापन झालेली संस्था ‘देले’ परीक्षा घेते. ती एका ठरावीक पातळीची असते, तिच्या तारखा ठरलेल्या असतात आणि प्रमाणपत्र कायमचे असते. वाचन-लेखन हा एक गट आणि श्रवण-संभाषण हा दुसरा. दोन्हींत स्वतंत्रपणे ६० टक्के गुण लागतात, त्यामुळे वाचनाच्या बळावर संभाषण तरून जात नाही. ‘सिएले’ ही संगणकावरची परीक्षा नोकरदाराला वेळेच्या दृष्टीने सोपी, कारण सोयीचा दिवस निवडता येतो, एकेका कौशल्याची वेगळी परीक्षाही देता येते आणि निकाल काही आठवड्यांत मिळतो. प्रमाणपत्र मात्र पाच वर्षेच ग्राह्य असते. स्पेनचे नागरिकत्व मागणाऱ्याला सामान्यतः देले ए-२ किंवा त्यावरील पातळी दाखवावी लागते. परीक्षा मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. तो आठवडा घर सोडणे, अनामत रक्कम परत घेणे आणि निरोप यांत जातो. निदान तीन आठवडे आधीची तारीख घ्यावी आणि त्या दिवसासाठी कार्यालयातून पूर्ण दिवसाची रजा काढावी.

निघण्यापूर्वी शिक्षकाला तुमच्या वारंवार होणाऱ्या वीस चुका लिहून द्यायला सांगाव्यात आणि पुढेही आठवड्यातून एक तास त्याच शिक्षकाकडे ऑनलाइन ठेवावा. तुमच्या चुका आणि तुमच्या कामाच्या वेळा दोन्ही त्याला ठाऊक असतात, त्यामुळे नव्या शिक्षकाबरोबर ओळखीत जाणारे पहिले चार तास वाचतात.